भट्टी, विजेचा खांब आणि दीर्घिका समूह: जाणत्या नजरेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेत, खानापूर रोडला काम करणारी बरीच मंडळी आमच्याबरोबर आकाश बघायला येतात. कुणी फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मेल्टिंगला, कुणी वायरमन, कुणी साखर कारखान्यात. दुर्बिणीपाशी सुरू झालेल्या गप्पा कामावर येतात आणि कामाच्या गप्पा परत आकाशात जातात. तेच तेच प्रश्न येत राहिले, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

भट्टी आणि दीर्घिका समूह एकाच पानावर कशाला?

कारण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: मुरलेल्या माणसाच्या नजरेवर किती भरवसा ठेवायचा? भट्टीपाशी चूक झाली तर उत्तर तिथल्या तिथे मिळतं, कधी कधी अंगावर येतं. दीर्घिका समूहाचा, म्हणजे गॅलेक्सींच्या घोळक्याचा, आकार ओळखण्यात चूक झाली तर आकाश काहीच बोलत नाही. ते आपल्या हयातीत हलतच नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की, नजर किती तयार आहे यापेक्षा तिला उत्तर कोण देतं हे आधी बघावं.

मुरलेला माणूस नेमकं बघतो तरी काय?

चिल टेस्ट घ्या. हीट, म्हणजे भट्टीतला एक घाणा, तयार होत आली की पाचरीच्या आकाराच्या छोट्या साच्यात थोडा रस (वितळलेलं लोखंड) ओततात, थंड करून हातोडीने तोडतात. तुटलेल्या तोंडावर पातळ कडेला पांढरा पट्टा दिसतो आणि पुढे करडा भाग सुरू होतो. पांढरा पट्टा रुंद असेल तर कार्बन-सिलिकॉनचं प्रमाण कमी पडलंय, कास्टिंग कडक येणार, मशीन शॉपवाले शिव्या घालणार. नवीन पोरगा पट्टी लावून मोजतो. मेल्टिंगचे मामा तुकडा उजेडात एकदा फिरवतात आणि म्हणतात, "थोडं फेरोसिलिकॉन टाक की रे, मग बघू."

वाळूचंही तसंच. मूठभर ग्रीन सँड, म्हणजे साच्याची ओलसर वाळू, दाबायची, बोटांचे ठसे नीट उठले का बघायचे, मग गोळा मधोमध मोडायचा. कडा धारदार राहिल्या तर ओल बरोबर आहे. लॅबमध्ये ओल मोजायचं यंत्र असतंच, पण मोल्डरच्या, म्हणजे साचे करणाऱ्याच्या, हाताला फरक आधी कळतो.

गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात आगीच्या बंबावरच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. त्याला वाटलं होतं की ही माणसं दोन-तीन पर्याय तोलून निर्णय घेत असतील. तसं काही सापडलं नाही. ते परिस्थिती ओळखायचे, पहिला सुचलेला उपाय मनात चालवून बघायचे, आणि जमतोय असं दिसलं की तोच करायचे. त्याने नोंदवलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. घराच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघरात लागलेली आग पाणी मारूनही दबेना. खोलीतली उष्णता वाजवीपेक्षा जास्त आणि आगीचा आवाज मात्र कमी. अधिकाऱ्याने सगळ्यांना बाहेर काढलं आणि थोड्याच वेळात जमीन खचली. खरी आग खाली तळघरात होती. त्या अधिकाऱ्याला वाटत होतं की आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे. खरं तर 'असं असायला हवं होतं आणि तसं नाहीये' एवढंच त्याच्या मनाने टिपलं होतं.

इंडक्शन फर्नेसवर (विजेच्या भट्टीवर) याची जुळी गोष्ट म्हणजे ब्रिजिंग. वरचा स्क्रॅप अडकून त्याची साय धरते, वरून भट्टी थंड दिसते, पण वीज खाली जातच असते आणि खालचा रस भलताच तापत जातो. वर गार आणि मीटर मात्र पळतोय, या दोन गोष्टी एकत्र जाणवल्या की जुना माणूस आधी पॉवर बंद करतो, माणसं लांब घालवतो आणि मगच बोलतो.

म्हणजे अनुभव असला की झालं?

नाही. याच मुद्द्यावर क्लाइन आणि दुसरे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांचं वर्षानुवर्षं पटत नव्हतं. कानमन यांचा बहुतेक अभ्यास माणसाचे अंदाज कसे फसतात यावर, तर क्लाइन यांचा ते कसे साधतात यावर. २००९ मध्ये दोघांनी मिळून एक लेख लिहिला आणि दोन अटींवर एकमत केलं. पहिली, कामात खरोखरच पक्के नियम हवेत, म्हणजे खुणा आणि परिणाम यांचं नातं टिकाऊ हवं. दुसरी, ते नियम शिकायला पुरेसा सराव आणि लवकर, स्पष्ट उत्तर मिळायला हवं. यातली एक अट जरी नसली तरी अनुभवाने फक्त आत्मविश्वास वाढतो.

चिल टेस्ट दोन्ही अटींत बसते, कारण पुढच्या काही मिनिटांत अंदाज खरा की खोटा ते कळतं. फौंड्रीतल्या सगळ्याच गोष्टी बसत नाहीत. पुढचा प्रश्न त्यावरच आहे.

"इतकी वर्षं असंच करतोय, काही झालं नाही." याला काय उत्तर द्यायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि बहुतेक वेळा पन्नाशी ओलांडलेल्या माणसाकडून येतो, त्यामुळे उत्तर देताना जरा जपून बोलावं लागतं.

पावसाळ्यात उघड्यावर पडलेला स्क्रॅप घ्या. बेळगावचा पाऊस काही सांगून येत नाही. ओला तुकडा नुसताच वर पडला तर पाणी उडून जातं, फक्त फुर्रकन आवाज येतो. पण बंद पाइपात, डब्यात किंवा गंजाच्या थराखाली पाणी अडकलेलं असेल आणि ते रसाखाली गेलं, तर त्याची वाफ होताना आकारमान सोळाशे पटींहून जास्त वाढतं. बंद जागेत ती वाफ जाणार कुठे? १,४०० अंशांच्या वरचा रस घेऊनच ती बाहेर पडते. आता शंभर ओले तुकडे टाकले आणि काही झालं नाही, यातून माणूस काय शिकतो? 'ओलं चालतं' हे शिकतो. प्रत्येक वेळी त्याला 'बरोबर' असं उत्तर मिळालेलं असतं आणि ते उत्तर खोटं असतं.

अवकाशातही हेच झालंय. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान फुटलं, सातजण गेले. बूस्टरच्या जोडातल्या रबरी कड्या आधीच्या उड्डाणांत झिजलेल्या दिसल्या होत्या. यान परत येत होतं, म्हणून झीज हळूहळू चालण्यासारखी ठरत गेली. त्या दिवशी थंडी कडक होती, कड्या आखडल्या. समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी या सवयीचा सविस्तर अभ्यास केला: नियमातून झालेली सूट पुन्हा पुन्हा पचली की तीच रीत बनते.

वाळूतल्या सिलिकाची धूळ तर याहून वाईट. फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करताना), सँड प्लांटला उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार दिसायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात. मास्क न लावता काम केलेल्या दिवशी संध्याकाळी शरीर तक्रार करत नाही. म्हणून 'मला काही त्रास नाही' या वाक्याला धुळीच्या बाबतीत किंमत शून्य. ओला स्क्रॅप आणि धूळ या दोन ठिकाणी अनुभवी माणसाचं ऐकू नका, नियमाचं ऐका. मामांना राग आला तरी चालेल.

टाकीत उतरण्याआधी वास घेऊन बघितलं तर चालतं ना?

अजिबात नाही. गटाराच्या, मळीच्या, सांडपाण्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हवेच्या दशलक्ष भागांत तो सुमारे शंभर भागांवर गेला की नाकाची वास घ्यायची ताकदच मरते. म्हणजे धोका वाढतो तेव्हाच वास 'गेला' असं वाटतं. जुन्या विहिरीत कंदील सोडून बघायची पद्धतही अर्धीच कामाची, कारण प्राणवायू फार कमी असेल तर ज्योत विझते, पण हा विषारी वायू असला तरी ती जळत राहू शकते. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. आपल्या भागात अशा बातम्या वाचल्या नाहीत असा माणूस विरळा. गॅस मीटर, ब्लोअर, दोरी आणि वर उभा असलेला माणूस यांच्याशिवाय उतरायचं नाही. शिवाय २०१३ च्या कायद्याने गटारं आणि सेप्टिक टाक्या संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवून साफ करायला बंदी आहे.

लाइनमनला खांबावरची लाइन बंद आहे हे बघूनच कळतं म्हणतात, खरं का?

बघून कळत नाही. तारेकडे बघून तिच्यात करंट आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. चांगला लाइनमन ते जाणतो, म्हणून एलसी (लाइन क्लिअर, म्हणजे लाइन बंद केल्याची सब-स्टेशनची परवानगी) घेतो, टेस्टर लावतो आणि दोन्ही बाजूंना अर्थिंग करतो. सब-स्टेशनातून लाइन बंद असली तरी कुणाच्या तरी घरचा जनरेटर चुकीच्या जोडणीतून उलटा करंट सोडू शकतो. त्याची जाण दिसते ती दुसरीकडे: कुठल्या गल्लीत जनरेटर आहेत, कुठला खांब पावसात कुजलाय, कुठल्या शेतकऱ्याने पंपाला परस्पर आकडा टाकलाय. हे कुठल्याच नकाशात नसतं.

चेकलिस्ट म्हणजे अनुभवी माणसाचा अपमान नाही का?

बऱ्याच जणांना तसं वाटतं. ३० ऑक्टोबर १९३५ ला बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर विमान चाचणीत पडलं. चालवणारा कसलेला वैमानिक होता, पण जमिनीवर असताना शेपटीकडच्या पृष्ठभागांना लावलेलं कुलूप काढायचं राहिलं. त्यानंतर वैमानिकांच्या चेकलिस्टची पद्धत रुजली. ऑपरेशन थिएटरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी आली. आठ शहरांतल्या रुग्णालयांत (त्यात दिल्लीही होती) ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पण कॅनडातल्या आँटेरिओ प्रांतात ती सक्तीची केल्यावर तसा ठळक फरक दिसला नाही, असा २०१४ चा अभ्यास आहे. यावरून आमचं मत असं बनलंय की, कागदावर टिक मारून यादी चालत नाही, मोठ्याने वाचून आणि समोरच्याकडून ऐकून चालते. शिफ्ट संपल्यावर एकदम सगळ्या टिक मारलेलं रजिस्टर पाहिलं नाही असा सुपरवायझर दाखवा.

सगळं ऑटोमॅटिक झाल्यावर माणूस लागेल कशाला?

मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच यातली मेख दाखवली होती. सोपी कामं यंत्र करतं आणि फक्त अवघड, अवचित प्रसंग माणसाकडे येतो. पण रोजचा हात सुटल्यामुळे नेमका तेव्हाच तो कच्चा पडतो. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं विमान १ जून २००९ ला अटलांटिकमध्ये कोसळलं, २२८ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला आणि पुढच्या साडेचार मिनिटांच्या आत सगळं संपलं. विमान स्टॉलमध्ये होतं, म्हणजे पंखांची उचल गेली होती, तशी सूचनाही वाजत होती, पण ते हाताने सावरणं झालं नाही.

धातूचं मिश्रण मोजणारा स्पेक्ट्रोमीटर आला तरी आठवड्यातून काही हीटना चिल टेस्ट आधी बघा, अंदाज लिहून ठेवा आणि मग मशीनचा आकडा पाहा, असं आम्ही पोरांना सांगतो.

बरं, आता आकाश. दीर्घिका समूह म्हणजे काय?

गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या शेकडो ते हजारभर दीर्घिका. सूर्याच्या शंभर लाख कोटी ते हजार लाख कोटी पट वस्तुमान. त्यात चमकणाऱ्या ताऱ्यांचा वाटा जेमतेम काही टक्के, दहा ते पंधरा टक्के तापलेला वायू आणि उरलेलं जवळजवळ सगळं कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारं पण गुरुत्वाकर्षण असलेलं द्रव्य. वायूचं तापमान एक ते दहा कोटी अंश, त्यामुळे तो क्ष-किरणांत चमकतो. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये अरुंधती केश तारकासमूहातल्या कोमा समूहात दीर्घिकांचे वेग तपासले. दिसणाऱ्या वस्तुमानाच्या मानाने ते फारच जास्त निघाले. काहीतरी न दिसणारं आहे, हा संशय तिथून सुरू झाला.

त्यांचे आकार किती प्रकारचे?

जॉर्ज एबेल यांनी पालोमार वेधशाळेच्या फोटोप्लेटा डोळ्यांनी तपासून १९५८ मध्ये २,७१२ समूहांची यादी केली. कॉम्प्युटर नाही, नुसती भिंग आणि नजर. पुढे १९८९ मध्ये दक्षिण आकाशही धरून ती ४,०७३ वर गेली. एबेल यांनी समूहांचे ढोबळमानाने नियमित आणि अनियमित असे भाग केले. १९७१ मध्ये हर्बर्ट रूड आणि गुम्मुलुरू शास्त्री यांनी तेजस्वी दीर्घिकांच्या मांडणीवरून सहा वर्ग पाडले: मध्यभागी एकच राक्षसी दीर्घिका, दोन मोठ्या दीर्घिकांची जोडी, रांग, दाट गाभा, चपटा पसारा आणि विस्कळीत. कोमा जोडीच्या वर्गात, ययातीतला समूह रांगेच्या वर्गात. आपल्या सगळ्यात जवळचा मोठा समूह कन्या राशीतला, सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षांवर. तो ओबडधोबड, अजून जमत असलेला.

समूह गोल का नसतात?

कारण ते चहूबाजूंनी सारखे भरत नाहीत. विश्वात द्रव्य तंतूंच्या जाळ्यासारखं पसरलंय. तंतू जिथे मिळतात तिथे समूह वाढतो आणि माल तंतूंवरूनच येतो, त्यामुळे समूह त्या दिशेला लांबट होतो. शेजारचे समूह एकमेकांकडे तोंड करून लांबलेले असतात, हे ब्रुनो बिंगेली यांनी १९८२ मध्ये दाखवलं. कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्येही कृष्णद्रव्याचे गोळे तीन बाजूंना तीन मापांचे, बहुतेक लांबोळे निघतात. वायू मात्र जास्त गोल दिसतो. तो गुरुत्वाकर्षणाच्या विभवाप्रमाणे (ओढीच्या खळग्याप्रमाणे) बसतो आणि ते विभव वस्तुमानापेक्षा नेहमी गोलसर असतं.

एका बाजूने बघून खरा आकार कसा कळणार?

नुसत्या नजरेने कळत नाही. कोळंबी समोरून बघितली आणि बाजूने बघितली तर एकच जनावर वाटेल का? समूहाला वळसा घालून बघायची सोय आपल्याला नाही. लांबट समूहाचं टोक नेमकं आपल्याकडे असेल तर तो गोल आणि दाट दिसतो. एबेल १६८९ बद्दल हाच वाद झाला. त्याच्या गुरुत्वीय भिंगाचा परिणाम, म्हणजे वस्तुमानामुळे मागून येणारा प्रकाश वाकणं, इतका जोरदार, की वस्तुमान अपेक्षेपेक्षा फार दाट असल्यासारखं वाटत होतं. तो आपल्या दिशेने लांबलेला आहे असं धरलं की बराच मेळ बसतो. कधी एकामागे एक असलेले दोन समूह एकच वाटतात. एबेल यांच्या यादीतही असे घोटाळे होते, ते दीर्घिकांचे वेग मोजल्यावर सुटे झाले.

खोली मोजायची एक युक्ती मला फार आवडते. क्ष-किरणांची चमक वायूच्या घनतेच्या वर्गावर (घनता गुणिले घनता) अवलंबून असते. विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणावर (सगळ्या आकाशातून येणाऱ्या आदिकाळच्या मंद लहरींवर) त्याच वायूचा पडणारा ठसा, म्हणजे सुन्याएव-झेल्डोविच परिणाम, घनतेच्या साध्या पटीत असतो. तापमान माहीत असेल तर या दोन मापांच्या तुलनेतून वायू आपल्या दिशेने किती खोल पसरलाय हे निघतं. त्यात गुरुत्वीय भिंगाचं माप जोडलं की तिसरी बाजू हाताला लागते. आकार चुकला तर वस्तुमान चुकतं, आणि वस्तुमानावरून विश्वाचा हिशेब करणाऱ्यांचा सगळाच जमाखर्च चुकतो.

समूह एकमेकांवर आदळतात म्हणे?

हो. नौकातल तारकासमूहातला बुलेट समूह त्याचा ठळक नमुना. दोन समूह एकमेकांतून आरपार गेले. दीर्घिका न अडखळता निघाल्या, वायू मधे घासून मागे राहिला. भिंग-परिणामाने वस्तुमान मोजलं तर ते वायूपाशी न सापडता दीर्घिकांबरोबर पुढे गेलेलं सापडलं. २००६ चं हे निरीक्षण कृष्णद्रव्याचा मोठा पुरावा मानतात. असल्या धडकेला अब्जावधी वर्षं लागतात. आपल्याला मिळतो तो एकच फोटो, पुढचा नाही आणि मागचाही नाही.

मग तिथे माणसाच्या नजरेचा उपयोग काय?

विचित्र गोष्ट हेरायला. २००७ मध्ये सुरू झालेल्या गॅलेक्सी झू प्रकल्पात सामान्य लोकांनी लाखो दीर्घिकांचे आकार ओळखले आणि त्याच वर्षी हॉलंडच्या एका शिक्षिकेला हिरवट तेजाचा एक अनोळखी ढग दिसला, जो कुठल्याच वर्गात बसत नव्हता. पण समूह 'शांत' आहे की 'विस्कटलेला' हे ठरवताना आता नुसत्या मतावर थांबत नाहीत. क्ष-किरण चित्रात आतून बाहेर जाताना मध्यबिंदू किती सरकतो, असं माप काढतात. नजरेने शंका काढायची आणि मापाने ती सोडवायची. या कामात नजरेला उत्तर देणारं दुसरं कुणी नाही, म्हणून वेगवेगळ्या तऱ्हेच्या दुर्बिणी एकमेकींना उत्तर देतात.

यात आपल्याकडच्या लोकांचं काही काम?

भरपूर. पुण्याच्या आयुका आणि आयसर संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये 'सरस्वती' हा महासमूह, म्हणजे समूहांचा समूह, जाहीर केला. मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, त्यात ४३ समूह. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतून समूहांच्या धडकांनी उठलेल्या रेडिओ कमानी बघतात. बेळगावातून सकाळी निघालं तर त्याच दिवशी पोहोचता येतं, पण आत जायला आधी परवानगी काढा.

बेळगावातून आम्हाला काय दिसेल?

शहरातून फार नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडावरही आता शहराचा उजेड येतो. जांबोटी, कणकुंबीकडे गेलात तर बरं. मार्च उत्तम, एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दगा देतात, आणि जूनपासून त्या बाजूला दुर्बीण नेणं म्हणजे तिला बुरशी लावून घेणं. उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेला, सहा इंची दुर्बिणीतून कन्या समूहातली एम ८७ ही दीर्घिका पुसट गोळ्यासारखी दिसते. ज्या कृष्णविवराचं चित्र एप्रिल २०१९ मध्ये जाहीर झालं, ते हिच्याच पोटात आहे. आजूबाजूला हळू सरकवलं की आणखी चार-दोन ठिपके सापडतात. कोमाच्या दोन मोठ्या दीर्घिकांना मात्र आठ-दहा इंचाची दुर्बीण आणि काळोख लागतो.

सेकंड शिफ्ट करून आलं तर चालेल का?

आकाश बघायला चालेल, कन्या रास तोवर डोक्यावर आलेली असते. पण जांबोटीचा रस्ता वळणाचा आणि रात्री रानातली जनावरं आडवी येतात. भट्टीवर आठ तास उभा राहिलेल्याने गाडी चालवायची नाही, हा आमचा नियम आहे आणि त्याला सूट नाही. मागे बसा, झोपा, पोहोचल्यावर उठवतो.